सहसंबंधाची कोरी चौकट: तेलसाठ्यांचे अंदाज मंजूर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
तेल आणि वायूच्या साठ्यांचे अंदाज तपासणाऱ्या व मंजूर करणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

विषय : भूशास्त्रीय घटकांचे परस्परसंबंध अंदाजात धरण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेली बरीच वर्षं मी कोअर बघते, लॉग (विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या मापनांच्या नोंदी) वाचते आणि त्यांतून निघालेले आकडे तुमच्या टेबलापर्यंत पोचवते. या वाटेत एक गोष्ट जवळजवळ दर वेळी गळून पडते आणि गळाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. ती गोष्ट लहान नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी माझ्याबरोबर कोअरच्या टेबलाशी या. विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल उभा चिरून लांबट खोक्यांत मांडलेला आहे. दिवसाच्या उजेडात सगळा वाळूखडक थोड्याफार फरकाने सारखाच दिसतो. मग खोलीतले दिवे घालवायचे आणि अतिनील दिवा लावायचा. भरड दाण्यांचे थर पिवळसर उजळून येतात, त्यांच्यामधल्या बारीक, मातकट पट्ट्या मात्र काळ्याच राहतात. बोटभर अंतरात उजेड आणि काळोख. जिथे दाणे मोठे आणि एकसारखे, तिथे पोकळ्या मोठ्या. तेलाला तिथे शिरता आलं आणि त्याने पाण्याला हुसकावलं. मातकट पट्टीतल्या सूक्ष्म पोकळ्यांनी पाणी असं घट्ट धरून ठेवलं की तेलाला वाटच मिळाली नाही. पोरोसिटी (खडकात पोकळी किती) आणि वॉटर सॅच्युरेशन (त्या पोकळीचा किती भाग पाण्याने भरलेला) यांचं नातं समजायला इथे गणित लागत नाही, ते डोळ्यांना दिसतं.

हाच खडक अंदाजाच्या तक्त्यात पोचतो तेव्हा पोरोसिटीची एक ओळ असते आणि सॅच्युरेशनची दुसरी. प्रत्येकीपुढे किमान, मधला आणि कमाल आकडा. मॉन्टे कार्लोचं, म्हणजे नशिबावर आकडे उचलून पुन्हापुन्हा हिशेब करणारं, सॉफ्टवेअर दहा हजार फेऱ्या करतं आणि प्रत्येक फेरीत दोन्ही ओळींतून आपापला आकडा उचलतं. त्यांतल्या कितीतरी फेऱ्यांत असा खडक तयार होतो जो आमच्यापैकी कुणी कधी टेबलावर पाहिलेला नाही. तेलाच्या स्तंभात उंचावर आहे, पोकळी भरपूर आहे, तरी पाण्याने भरलेला. किंवा पोकळी जेमतेम, आणि ती तेलाने गच्च.

तक्त्यात सहसंबंधाची चौकट असते : दोन घटक किती एकत्र चढतात-उतरतात, याचा उणे एक ते एक यांमधला गुणांक तिथे भरायचा. बहुतेक वेळा ती कोरी असते. कोरी ठेवणाऱ्याला वाटतं की आपण काहीच गृहीत धरलं नाही. सॉफ्टवेअर मात्र तिथे शून्य वाचतं, आणि शून्य म्हणजे ‘या दोन घटकांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही’ असं ठाम विधान. पोरोसिटीच्या आकड्याला तुम्ही पुरावा मागता. या विधानाला पुरावा मागताना मी तुमच्यापैकी फार थोड्यांना पाहिलं आहे.

याने फरक किती पडतो, ते हिशेबानेच दाखवते. हाती लागणाऱ्या तेलाचं सूत्र गुणाकाराचं आहे : क्षेत्रफळ, तेलधारी जाडी, पोरोसिटी, तेलाचं सॅच्युरेशन (पोकळीतला तेलाचा वाटा) आणि रिकव्हरी फॅक्टर (त्यातलं किती तेल बाहेर काढता येईल) यांचा गुणाकार, भागिले फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (जमिनीखालचं तेल वर आल्यावर घनफळात किती आटतं त्याचं माप). शेवटचा घटक सोयीसाठी स्थिर धरू. उरलेले पाच लॉगनॉर्मल माना, म्हणजे त्यांच्या लॉगॅरिथमचं वितरण नॉर्मल. लॉगॅरिथमच्या मापात त्यांचं प्रमाण विचलन अनुक्रमे ०.५, ०.४, ०.१५, ०.१२ आणि ०.३ असं घ्या आणि अंदाजाचा मध्यक १०० एकक. पाचही घटक एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर पी९० (निदान इतकं मिळण्याची शक्यता ९० टक्के) येतो ३९, पी१० (निदान इतकं मिळण्याची शक्यता १० टक्के) येतो २५६ आणि सरासरी १३१. आता फक्त तीन संबंध भरू : क्षेत्रफळ आणि जाडी ०.५, पोरोसिटी आणि तेलाचं सॅच्युरेशन ०.७, पोरोसिटी आणि रिकव्हरी ०.५. बाकीचे शून्यच राहू देत. पी९० उतरतो ३२ वर, पी१० चढतो ३१६ वर, सरासरी होते १५०. मध्यक होता तिथेच, १०० वर.

एकाही घटकाचा पल्ला मी हलवलेला नाही. तरी पी१० आणि पी९० यांचं गुणोत्तर साडेसहावरून दहावर गेलं. सहसंबंधाने फक्त टोकं थोडी ताणली जातात, मधलं चित्र तेच राहतं, असं बैठकांमध्ये सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. गुणाकारात सरासरीही हलते, आणि आर्थिक हिशेबात जाते ती सरासरीच. त्याच वेळी ज्या पी९० वर तुम्ही सावध निर्णय घेता, तो खाली येतो. म्हणजे कोरी चौकट एकाच अहवालात खालच्या बाजूला खोटा धीर देते आणि वरच्या बाजूला खरी शक्यता लपवते.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला उशिरा कळली. विचरणात (प्रमाण विचलनाच्या वर्गात) जी वाढ झाली तिच्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा क्षेत्रफळ आणि जाडी यांच्या एकट्या संबंधाचा आहे. पोरोसिटी आणि सॅच्युरेशनचा वाटा दहाव्या हिश्श्याहूनही कमी. कोअरवर जे नातं इतकं ठळक दिसतं, ते या हिशेबात सगळ्यात हलकं ठरतं. ज्या दोन घटकांची अनिश्चितता सगळ्यात मोठी, त्यांच्यातला संबंध सगळ्यात जड. क्षेत्रफळ आणि जाडी यांच्याबद्दल मात्र चर्चा सगळ्यात कमी होते, कारण तो विषय नकाशा काढणाऱ्यांचा मानला जातो आणि पोरोसिटी लॉग वाचणाऱ्यांची.

खरं तर क्षेत्रफळ आणि तेलस्तंभाची उंची यांना वेगळ्या ओळी देणंच मला पटत नाही. दोन्ही एकाच गोष्टीतून येतात : तेल आणि पाण्याची सीमा किती खोलीवर आहे यातून. सापळा शंकूच्या आकाराचा माना. स्तंभ १०० मीटरऐवजी १२० मीटर निघाला तर क्षेत्रफळ १.४४ पट होतं आणि घनफळ जवळजवळ पावणेदोन पट. यातलं काहीही नशिबावर नाही, ती सापळ्याची भूमिती आहे. मग ०.५ की ०.६ असा वाद कशासाठी? सीमेची खोली हाच अनिश्चित घटक ठेवावा, आणि प्रत्येक फेरीत नकाशावरून काढलेल्या खोली-क्षेत्रफळाच्या वक्रावरून घनफळ वाचावं. दोन घटकांमागचं कारण माहीत असेल तर तेच मॉडेलमध्ये बसवायचं. गुणांक तेव्हा वापरायचा, जेव्हा नातं आहे हे दिसतं पण कारण हाती लागत नाही.

कारण न शोधता गुणांक भरला तर चिन्हही उलटं पडू शकतं. नेट-टू-ग्रॉस (एकूण जाडीतला कामाच्या खडकाचा वाटा) आणि पोरोसिटी यांचंच घ्या. वाळू आणणारा प्रवाह जोरकस होता तर वाळूचे थर जास्त आणि दाणेही भरड, म्हणजे दोन्ही घटक एकत्र चढतात. पण समजा शंका निराळी आहे : पोरोसिटीचा कट-ऑफ, म्हणजे ज्याखालचा खडक मोजायचाच नाही ती मर्यादा, आठ टक्के धरायचा की दहा? कट-ऑफ वाढवला की कमकुवत खडक मोजणीतून बाहेर पडतो. नेट कमी होतं आणि उरलेल्या खडकाची सरासरी पोरोसिटी वाढते. आता संबंध ऋण झाला. खडक तोच, विहिरी त्याच. संबंधाचं चिन्ह यावर ठरतं की तक्त्यातला पल्ला नेमक्या कुठल्या अज्ञानाचा आहे, गाळ कसा साचला याच्या की आपण मोजणी कशी करायची याच्या. ‘चांगला खडक सगळ्याच बाबतींत चांगला’ असं म्हणून सगळीकडे ०.५ भरलेले तक्ते मी पाहिले आहेत. कोऱ्या चौकटीपेक्षा ते बरे आहेत असं मला वाटत नाही.

दुसरा संबंध खडकात नसतोच, आपल्या मापनात असतो, आणि तो तर आणखी सहज निसटतो. आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या सूत्राने आपण विद्युत्‌ रोधावरून वॉटर सॅच्युरेशन काढतो. त्या सूत्रात पोरोसिटी छेदात बसलेली आहे. दोन्ही घातांक नेहमीसारखे २ धरले तर पोरोसिटी आणि वॉटर सॅच्युरेशन यांचा गुणाकार, दिलेल्या रोधासाठी, एक ठरलेला आकडा होतो. समजा पोरोसिटी २० टक्के आणि वॉटर सॅच्युरेशन ४० टक्के. गुणाकार ०.०८, म्हणजे खडकाच्या घनफळात तेल ०.१२. आता घनतेच्या लॉगचं कॅलिब्रेशन चुकलं आणि खरी पोरोसिटी १८ टक्के निघाली, तर तेल होतं ०.१०. ती २२ टक्के निघाली तर ०.१४. पोरोसिटी १८ वरून २२ ला गेली म्हणजे २२ टक्क्यांनी वाढली, तेल मात्र ४० टक्क्यांनी वाढलं. पोरोसिटीतली चूक सॅच्युरेशनने सावरून धरली नाही, उलट तिला आणखी जोर दिला. दोन ओळी स्वतंत्र धरणारा तक्ता नेमकं उलटं मानतो : एकीकडची चूक दुसरीकडे अधूनमधून भरून निघेल.

इथे एक सावधगिरी मला मनापासून सांगायची आहे, कारण माझ्याच बाजूचे लोक तिथे घसरतात. कोअरमधून काढलेल्या बोटभर नमुन्यांचा आलेख काढायचा, त्यावर ०.८ सहसंबंध आला की तोच तक्त्यात भरायचा. पण तक्त्यातली पोरोसिटी एका नमुन्याची नसते, सगळ्या साठ्याच्या सरासरीची असते. नमुन्यांमधला चढउतार सरासरी काढताना बराचसा जिरून जातो. उरते ती सरासरीबद्दलची शंका : विहिरी साठ्याच्या चांगल्या भागात पडल्या का, कॅलिब्रेशन बरोबर होतं का, खोल भागात खडक बदलतो का. त्या शंकांचा एकमेकींशी संबंध किती, हे नमुन्यांचा आलेख सांगत नाही. त्यातून निरनिराळे खडक एकाच आलेखात मिसळले तर दोन ढगांमधलं अंतरच सहसंबंध म्हणून दिसतं, प्रत्येक ढगाच्या आत मात्र काहीच नसतं. तेव्हा खडकांचे प्रकार आधी वेगळे करा, आणि त्यांचं प्रमाण किती हाच अनिश्चित घटक धरा.

तांत्रिक बाबतीत एकच मुद्दा, थोडक्यात. सॉफ्टवेअर जो गुणांक लावतं तो बहुधा क्रमांकांचा असतो, म्हणजे खुद्द आकड्यांचा नाही, त्यांच्या लहान-मोठेपणाच्या क्रमाचा. इमान आणि कोनोव्हर यांनी १९८२ मध्ये दिलेल्या पद्धतीमुळे वितरणांचा आकार न बदलता तो लावता येतो, आणि ते चांगलंच आहे. पण जोड्या सुट्या सुट्या भरल्या तर त्या एकमेकींना छेद देऊ शकतात. पहिल्याचा दुसऱ्याशी ०.९ आणि दुसऱ्याचा तिसऱ्याशी ०.९ असेल, तर पहिल्याचा तिसऱ्याशी किमान ०.६२ असायलाच हवा. तिथे कुणी शून्य ठेवलं तर काही सॉफ्टवेअर गुपचूप आकडे बदलून घेतात. बदललेला तक्ता मागवून बघा.

आता त्या संबंधाकडे येते ज्याची किंमत मी स्वतः पाहिली आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या गटाने शेजारशेजारचे चार प्रॉस्पेक्ट (तेल असण्याची शक्यता असलेल्या, अजून न खोदलेल्या जागा) मंजुरीसाठी मांडले होते. प्रत्येकाची यशाची शक्यता ३० टक्के. चारही कोरडे जाण्याची शक्यता आम्ही ०.७ चा चौथा घात करून काढली : २४ टक्के. समितीने मान डोलावली. पण चौघांवरचं सील, म्हणजे तेलाला वर निसटू न देणारं झाकण, एकच होतं : शेल या मातकट खडकाचा एकच थर. ३० टक्के हा आकडाच आम्ही दोन भाग करून काढला होता : सील सगळीकडे टिकलं असण्याची शक्यता ६० टक्के, आणि ते टिकलं असेल तर एकेका प्रॉस्पेक्टची ५० टक्के. सील फुटलं असेल तर चारही एकदम जाणार. हिशेब मग असा होतो : ०.४ अधिक ०.६ गुणिले ०.५ चा चौथा घात, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. अपेक्षित यशांची संख्या दोन्ही हिशेबांत तीच, १.२. म्हणून फरक कुणाला दिसला नाही.

पहिल्या विहिरीचे कटिंग्ज (खोदताना वर येणारे खडकाचे तुकडे) मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. वाळू स्वच्छ, दाणे गोलसर, आणि दाण्यांच्या सांध्यांत तेलाची फिकट, मेलेली चकाकी. तेल इथे आलं होतं आणि निघून गेलं होतं. त्या थाळीतले दाणे एकट्या त्या विहिरीबद्दल बोलत नव्हते, वरच्या सीलबद्दल बोलत होते आणि म्हणून चौघांबद्दल बोलत होते. नुसती ‘पहिली कोरडी’ एवढीच बातमी धरली असती तरी उरलेल्या प्रत्येकाची शक्यता ३० वरून साधारण २१ टक्क्यांवर यायला हवी होती. त्या चकाकीनंतर तर आणखी खाली. आमच्या तक्त्यात तिन्हींपुढे ३० टक्केच राहिले. चौकट कोरी होती ना. पुढच्या तिन्ही विहिरी एकामागून एक कोरड्या गेल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी नवीन होते आणि गप्प बसले.

१९८३ मध्ये अलास्काच्या उत्तरेला, ब्यूफोर्ट समुद्रात खोदलेल्या मुकलुक विहिरीतही खडक होता, तेलाच्या खुणा होत्या, आणि साठा मात्र नव्हता. जगातल्या सर्वांत महागड्या कोरड्या विहिरींमध्ये तिचं नाव अजून घेतलं जातं. सापळा केवढा मोठा, याच्या आकड्यांत आपण इतके रमतो की तो भरून राहिला का, हा सगळ्यांना बांधणारा प्रश्न एका टक्केवारीत उरकतो.

संबंध धन असतो तसा ऋणही असतो, आणि तो विसरला की अंदाज फुगतो. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे शेलचं उदाहरण जगजाहीर आहे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १,७५२ चौरस मैल क्षेत्र, दर चौरस मैलाला १६ विहिरी आणि प्रत्येक विहिरीतून सरासरी साडेपाच लाख बॅरल, असा गुणाकार होता. उत्तर आलं १५.४ अब्ज बॅरल. २०१४ मध्ये तो आकडा ०.६ अब्जांवर आणला गेला. माझ्या मते तिथला धडा क्षेत्र आणि दर विहिरीचं उत्पादन यांच्या नात्यात आहे. चांगल्या जागा आधी खोदल्या जातात. क्षेत्र जितकं पसरवावं तितका कमकुवत खडक आत येतो आणि सरासरी विहीर तितकी बारीक होत जाते. दोन्ही आकडे सुटे सुटे ठरवून गुणले की ही उतरण हिशेबात येतच नाही.

शेवटी बेरजेबद्दल, कारण ती तुमच्याच टेबलावर होते. पेट्रोलियम रिसोर्सेस मॅनेजमेंट सिस्टिम या साठ्यांच्या वर्गवारीच्या नियमावलीच्या २०१८ च्या आवृत्तीतही पी९० चा अर्थ स्पष्ट आहे : प्रत्यक्षात मिळणारं प्रमाण निदान तेवढं असण्याची शक्यता ९० टक्के किंवा अधिक. चार साठे घ्या, प्रत्येकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन ३०, वितरण नॉर्मल. प्रत्येकाचा पी९० साधारण ६२. चौघांचे पी९० सरळ मिळवले तर २४६. साठे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर एकूण पी९० येतो ३२३. प्रत्येक जोडीत ०.५ संबंध असेल तर २७८. चारही नकाशे वेगाच्या एकाच मॉडेलवरून (भूकंपी लहरींच्या वेळेवरून खोली काढण्याच्या गृहीतकावरून) खोलीत बदललेले असतील, तर ते मॉडेल चुकल्यावर चारही साठे एकाच दिशेने चुकतात. तिथे ३२३ लिहिणं बेफिकिरी आहे, आणि २४६ लिहून ‘आम्ही सावध आहोत’ म्हणणं हे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजांच्या तक्त्यांखाली एक छोटी ओळ असते : वेगवेगळ्या भागांतले हे आकडे पूर्ण धन सहसंबंध गृहीत धरूनच एकमेकांत मिळवता येतात. ते गृहीतक पटो न पटो, ते तिथे छापलेलं आहे. त्याबद्दल मला त्या तक्त्यांचा आदर वाटतो.

माझी मागणी फार मोठी नाही. सहसंबंधाची चौकट कोरी असेल तर अहवाल परत पाठवा. शून्य भरलेलं असेल तर त्याचंही कारण मागा, एका वाक्यात, खडकाच्या भाषेत. कारण नसलेला ०.५ सुद्धा परत पाठवा. ज्या दोन-तीन संबंधांवर अंदाज सगळ्यात जास्त हलतो, ते वर-खाली करून आलेले आकडे शेजारी शेजारी मागा. एकमेकांना बांधलेले प्रॉस्पेक्ट असतील, तर पहिली विहीर खोदण्याआधीच लिहून घ्या की ती कोरडी गेली तर बाकीच्यांची शक्यता किती उरेल. विहीर कोरडी गेल्यावर तो आकडा लिहायला कुणाचाही हात धजत नाही.

आणि एक काम पुढच्याच बैठकीत करा. दहा हजार फेऱ्यांमधून पी१० च्या आसपासच्या पाच आणि पी९० च्या आसपासच्या पाच फेऱ्या उघडायला सांगा. प्रत्येक फेरीतली पोरोसिटी, सॅच्युरेशन, जाडी, क्षेत्रफळ आणि सीमेची खोली एका ओळीत वाचा. मग त्या साठ्याचा कोअर ज्याने हाताळला आहे त्याला बोलवा, ती ओळ त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा की असा खडक त्याने खोक्यात पाहिला आहे का. तो उत्तर देईपर्यंत सही थांबवा.

आपली,
एक भूशास्त्रज्ञ